अ‍ॅव्हरेज पडलं की पहिला पाना पंपालाच का?

या वेळी पत्रांत ट्रकवाल्यांचीच गर्दी आहे. डिझेल नव्वदीच्या घरात आणि भाडं मात्र आहे तिथंच, म्हणून ते समजण्यासारखंच आहे. बहुतेक गाड्या जुन्या, सहा सिलिंडरच्या, इंजिनला डिझेल देणाऱ्या मेकॅनिकल पंपाच्या. 1 एप्रिल 2017 पासून बीएस-3 (जुन्या प्रदूषण नियमाच्या) गाड्यांची विक्री बंद झाली, त्यामुळे अशी जी गाडी आज रस्त्यावर आहे ती वयानं मोठीच असणार. पण म्हणून ती भंगार झाली असं नाही. चला, एकेक पत्र घेऊ.

प्रश्न : सर, माझी 2011 ची दहा चाकी आहे, 5.9 लिटरचं टर्बो इंजिन. नागपूर-रायपूर लाईन, कधी लोखंड कधी सिमेंट. पहिले लोडमध्ये लिटरला 3.8 किलोमीटरच्या वर द्यायची, आता 3.3 वर आली. मिस्त्री म्हणते पंप अन् इंजेक्टर सगळं काढून कॅलिब्रेशन (डिझेलच्या मापाची जुळणी) करा, खर्च ऐकूनच घाम फुटला. करू का?
— ट्रकमालक, वाडी

उत्तर : भाऊ, थांबा. पंप शेवटी. आपल्याकडे अ‍ॅव्हरेज पडलं की पहिला पाना पंपाला लागतो, काहून तं पंप दिसतो, त्याच्यावर स्क्रू आहेत आणि स्क्रू फिरवल्याचं बिल करता येतं. खरं डिझेल बहुतेक वेळा इंजिनच्या बाहेर वाया जात असतं.

आधी मला सांगा हे 3.3 तुम्ही काढलं कसं? ड्रायव्हरनी सांगितलेलं का पेट्रोलपंपाच्या स्लिपा मोजून? टाकी फुल ते टाकी फुल असंच मोजायचं, तोच पेट्रोलपंप, गाडी त्याच जागी सपाट उभी, नोझल आपोआप कट झालं की बस, वरून ठोकून भरायचं नाही. एका भरण्यावर विश्वास नको, लागोपाठ काही भरण्यांचं एकत्र काढा. आणि किलोमीटर? जुन्या गाडीचा मीटर खरं बोलतो का ते फोनच्या जीपीएसवर शंभरेक किलोमीटर चालवून बघा, कारण टायरची साइझ बदलली किंवा टायर गुळगुळीत झाले की मीटर आणि रस्ता यांचं जमत नाही, अन् मग अ‍ॅव्हरेज पडलंय की मीटर चुकतोय हेच कळत नाही. जाताना लोड किती, येताना खाली का भरून, हेही वहीत लिहा. लोड आणि खाली एकत्र करून काढलेल्या आकड्याला काही अर्थ नसतो.

आता डिझेल जातं कुठं त्याचा ढोबळ हिशेब. 25 टन भरलेली गाडी सपाट रस्त्यावर 60 नी चालली तर तिला साधारण 80 हॉर्सपॉवर लागतात, त्यातले दोन तृतीयांश टायर रस्त्यावर फिरवण्यात जातात आणि उरलेले हवा कापण्यात. म्हणजे 180 हॉर्सपॉवरचं इंजिन सपाटीवर अर्धंसुद्धा वापरलं जात नाही. म्हणून सुरुवात टायरपासून.

तुमचा क्लीनर हवा कशी चेक करतो? रॉड मारून, आवाज ऐकून, हो ना? त्या आवाजात फार तर पंक्चर कळेल, वीस पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी आहे हे कळत नाही. मागच्या जोडीतला आतला टायर तर कोणी बघतच नाही, तिथंपर्यंत हात पोचत नाही म्हणून. आतला बसला की सगळं वजन बाहेरच्यावर, दोन्ही घासतात, दोन्ही तापतात. चांगला गेज घ्या, सकाळी गाडी निघायच्या आधी थंड टायरवर मोजा, आणि दहा पीएसआय कमी म्हणजे साधारण एक टक्का डिझेल जास्त एवढं डोक्यात ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर गेला की दुपारी ढाब्यावर गरम टायरची हवा सोडणारे महाभाग भेटतात. ते करू नका. गरम टायरमध्ये प्रेशर वाढणारच, ती हवा सोडली तर रात्री थंड झाल्यावर टायर कमी हवेवर चालतो आणि अजून जास्त तापतो, फुटतो तो असा.

नायलॉन टायर चालवत असाल तर पुढच्या वेळी रेडियलचा विचार करा, सहज फिरतात, फरक दिसतो. पण एका एक्सलवर नायलॉन अन् रेडियल अशी खिचडी नको. आणि जोडीतले दोन टायर सारख्या उंचीचे पाहिजेत, एक नवा अन् एक घासलेला रिसोल (नवं रबर चढवलेला जुना टायर) लावला की एक टायर दुसऱ्याला ओढत नेतो.

टायरनंतर ब्रेक. रायपूरहून आल्यावर गाडी थांबवा अन् लगेच प्रत्येक हबजवळ हाताची उलटी बाजू न्या. चिकटवू नका, भाजेल. एखादा हब बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागला तर तिथला ब्रेक सुटत नाहीये किंवा बेअरिंग जातंय. जॅक लावून चाक हातानी फिरवलं की लगेच कळतं. ब्रेक थोडा घट्ट ठेवलेला बरा, धरतो चांगला, असं म्हणणारे मिस्त्री आहेत, अन् त्यांच्या त्या थोड्याशा घट्टपणाचं डिझेल तुम्ही भरता. अलाइनमेंट फक्त पुढच्या एक्सलचं करून भागत नाही, मागचे दोन एक्सल एकमेकांना समांतर नसतील तर गाडी तिरपी चालते, ड्रायव्हर स्टेअरिंग धरून सरळ ठेवतो आणि कोणाला पत्ता लागत नाही.

मग हवा. धूर कसला आहे ते तुम्ही लिहिलं नाही. काळा असेल तर डिझेल जास्त आणि हवा कमी, निळा असेल तर ऑइल जळतंय, पांढरा असेल तर डिझेल न जळता बाहेर येतंय नाही तं पाणी आत जातंय. काळा असेल तर आधी एअर फिल्टर, मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे (हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंतचे (सिलिंडरना हवा वाटणारा पाइप) रबरी होज. आपल्या उन्हात ते तडकतात. होजच्या जोडावर ऑइलचे ओले डाग दिसले की तिथून बूस्ट (टर्बोनं दाबलेली हवा) गळतंय समजा, इंजिन रेस करून साबणाचं पाणी टाका, बुडबुडे येतील. इंटरकूलर आणि रेडिएटरच्या जाळीत समोरून फुंकून बघा, हिंगणघाट-वर्ध्याकडं कापसाची भाडी मारणाऱ्या गाड्यांच्या जाळीत कापसाचे तंतू अन् धूळ मिळून नमदा झालेला असतो.

आणि एक गोष्ट जी नव्वद टक्के लोक बघत नाहीत (हा नव्वदचा आकडा माझा, रागातून आलेला). पंपावर एक डायफ्राम असतो, त्याला मॅनिफोल्डकडून एक बारीक नळी येते. बूस्ट आलं की ती नळी पंपाला सांगते की आता हवा आली, डिझेल वाढव. ही नळी तडकली किंवा डायफ्राम फाटला की पंपाला वाटतं हवा आलीच नाही, तो डिझेल देत नाही, पिकअप मरतं. मग ड्रायव्हर ओरडतो, मालक मिस्त्रीकडे जातो, मिस्त्री फुल लोडचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवतो. पिकअप परत आलं, सगळे खूश, फक्त आता गाडी खालपासून वरपर्यंत जास्त डिझेल पिते. काही रुपयांच्या नळीसाठी. तुमच्या पंपाची सील तुटलेली आहे का ते बघा, तुटलेली असेल तर कोणीतरी आधीच हात मारून गेलंय.

हे सगळं ठीक असेल आणि तरी 3.3 च राहिलं, तर मग इंजेक्टर काढून टेस्टरवर बघा, फवारा धुक्यासारखा येतो का थेंब पडतात ते डोळ्यांनी दिसतं, तुम्ही स्वतः समोर उभे राहा. इंजेक्टर खराब निघाले तर बदला, टायमिंग तपासा, मग पंप बेंचवर. कॅलिब्रेशन कंपनीच्या आकड्यावर करायचं, “थोडं वाढवून द्या” हे वाक्य बोलायचं नाही.

मेहनत वसूल होते का? महिन्याला 6,000 किलोमीटर धरा. 3.3 ऐवजी सावधपणे 3.5 धरलं तरी 1,714 लिटर लागतं, 3.8 वर 1,579. डिझेल 90 धरलं तर महिन्याचे बारा हजार झाले. किस्त नाही निघणार त्यात, पण टायरचे पैसे नक्कीच निघतील.

प्रश्न : मी ड्रायव्हर आहे, जबलपूर लाईन. कुरई घाटात उतारावर आम्ही न्यूट्रल मारतो, डिझेल वाचते. नवीन मालक म्हणते गियरमधेच उतरवा. गियरमधे इंजन ओरडते, म्हणजे डिझेल जास्तच खात असेल ना?
— कामठी

उत्तर : दादा, इंजिन ओरडतंय म्हणजे डिझेल खातंय असं नाही. गियरमध्ये उतरताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की पंपाचा गव्हर्नर (वेग सांभाळणारा भाग) रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, मागं ओढतो आणि आयडलच्या वरच्या आरपीएमला डिझेल जवळजवळ बंदच होतं. इंजिनला फिरवायचं काम चाकं करत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनला स्वतःच्या जिवावर चालू राहायचं असतं, म्हणून तिथं आयडलचं डिझेल लागतंच. म्हणजे तुमचा हिशेब बरोबर उलटा आहे.

हां, हलक्या लांब उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी लांबपर्यंत घरंगळते आणि थोडंफार वाचल्यासारखं दिसतं, ते मी नाकारत नाही. पण घाटात भरलेली गाडी न्यूट्रलमध्ये म्हणजे सगळं वजन ब्रेकच्या ड्रमवर. ड्रम तापला की ब्रेक धरत नाही, आणि तेव्हा गियर टाकायला जाल तर जुन्या बॉक्समध्ये तो पडणार नाही. काही जण तर इंजिनच बंद करतात, मग कॉम्प्रेसर हवा बनवत नाही अन् पॉवर स्टेअरिंग दगडासारखं होतं. ज्या गियरमध्ये चढलात त्याच्या आसपासच्याच गियरमध्ये उतरा, एक्झॉस्ट ब्रेक (सायलेन्सरचा धूर अडवून इंजिननं गाडी रोखणारा) असेल तर तो वापरा. मालक बरोबर आहेत.

चढावर मात्र वाचवायला जागा आहे. घाट सुरू व्हायच्या आधी सपाटीवर गाडीला वेग द्या, इंजिन गुदमरायच्या आधी गियर पाडा, टॅकोमीटरचा हिरवा पट्टा सोडू नका. मोठ्या इंजिनचा फायदाच हा आहे की त्याला कमी आरपीएमवर जोर असतो, त्यामुळे सपाटीवर वरचा गियर लवकर टाका, उगाच ताणू नका.

प्रश्न : बाबांच्या दोन गाड्यांचा हिशेब मी ठेवते. दोन्ही सारख्याच, एकाच वर्षाच्या, तरी एकीचं अ‍ॅव्हरेज कायम कमी. बाबांना ड्रायव्हर काकांवर संशय येतो, ते आमच्याकडे खूप वर्षांपासून आहेत. मला बोलायला कसंतरी वाटतं. काय बघू?
— कळमना

उत्तर : ताई, संशय घ्यायच्या आधी एक गोष्ट करा, दोन्ही ड्रायव्हरच्या गाड्या काही दिवस बदलून द्या. कमी अ‍ॅव्हरेज गाडीबरोबर राहिलं तर दोष गाडीत, काकांबरोबर गेलं तर चालवण्यात. चालवण्यात म्हणजे चोरीच असं नाही हो, एखाद्याचा पाय जड असतो. आणि रूट, लोड, माल उतरवायला थांबलेले तास वेगवेगळे असतील तर दोन आकड्यांची तुलना करूच नका.

गाडीत दोष निघाला तर वरच्या उत्तरातलं सगळं आहेच, शिवाय टाकी बघा. रिटर्न पाइपचे जोड, टाकीचं झाकण, टाकीखाली चिकटलेली ओली धूळ. उन्हाळ्यात अजून एक गंमत होते. डिझेल तापलं की फुगतं, 300 लिटर काठोकाठ भरून गाडी उन्हात उभी केली आणि ते 20 अंशांनी तापलं तर जवळपास 5 लिटर वाढतं, टाकीत जागा नसेल तर झाकणातून ओघळतं. हे 5 लिटर काकांनी नाही, आपल्या मे महिन्यानी नेलेले असतात. म्हणून वरची थोडी जागा रिकामी ठेवा, मोजण्यासाठी फुल करायचीच असेल तर भरून लगेच गाडी रस्त्याला लावा.

आणि बाबांना सांगून बघा, रूटप्रमाणे आणि लोडप्रमाणे एक आकडा ठरवा, त्याच्या वर जे वाचेल त्यातला वाटा ड्रायव्हरला. कमी पडलं तर कापायचं मात्र नाही, नाहीतर तो घाटात न्यूट्रल मारायला लागेल.

प्रश्न : डिझेल पाइपवर मॅग्नेट लावलं की वीस टक्के वाचते म्हणतात, अन् टाकीत टाकायची बाटली पण आली आहे. घेऊ का?
— पारडी

उत्तर : नको. डिझेल लोखंडासारखं चुंबकाला भुलत नाही. खरंच वीस टक्के वाचलं असतं तर ट्रक बनवणाऱ्या कंपन्यांनी कारखान्यातच बसवून दिलं असतं, एकेक टक्क्यासाठी त्यांचे इंजिनिअर वर्षानुवर्षं डोकं फोडतात. बाटल्यांपैकी काही इंजेक्टर साफ ठेवायला थोडी मदत करतात, पण खराब नोझल त्यानी नवा होत नाही. रॉकेल मिसळणं किंवा हायवेवर टँकरमधून विकतात ते स्वस्त “बायोडिझेल” भरणं याचं तर नावच काढू नका, पंपाच्या आतल्या भागांना वंगण डिझेलचंच असतं, ते गेलं की पंप गेला. त्यापेक्षा वॉटर सेपरेटरचं पाणी पावसाळ्यात रोज काढा, फुकट आहे.

प्रश्न : उमरेड साइडला कोळशाचे टिप्पर चालवतो, मोठं इंजिन आहे. खाणीत लाइनमधे तासनतास उभं राहावं लागते, इंजन चालूच राहते, काहून का सेल्फ (स्टार्टर) दमलेला आहे. अन् उन्हाळ्यात गरम होऊ नये म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकला. अ‍ॅव्हरेज विचारू नका.
— उमरेड

उत्तर : नाही विचारत, पण उत्तर तुम्हीच लिहिलंय. सहा लिटरच्या आसपासचं इंजिन नुसतं उभ्या उभ्या तासाला दीड-दोन लिटर पितं. सहा तासांची लाइन म्हणजे दहा लिटर धूर. सेल्फ दुरुस्त करा अन् बॅटरी घ्या, त्याचे पैसे इथूनच निघतात. फक्त भरून जोरात आल्यावर लगेच चावी मारू नका, टर्बो थंड व्हायला दोन-तीन मिनिटं आयडलवर द्या, मग बंद. टिप्परची बॉडी उचलून झाल्यावर पीटीओ (बॉडी उचलायला इंजिनची ताकद घेणारा गियर) निघालाय का तेही बघा.

थर्मोस्टॅट परत बसवा. हा आपल्याकडचा जुना रोग आहे. थर्मोस्टॅटचं काम इंजिनला 80-90 अंशांत ठेवायचं, तो काढला की हिवाळ्याच्या सकाळी इंजिन तापतच नाही, डिझेल नीट जळत नाही, ऑइल जाड राहतं, लाइनर घासतात. आणि बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचं तोंडही बंद करतो, तो नसला की पाण्याचा एक भाग रेडिएटरमध्ये न जाताच फिरत राहतो, म्हणजे थंड राहावं म्हणून काढला आणि उन्हाळ्यात उलट जास्त तापतं. तापायचं खरं कारण शोधा. कोळशाची भुकटी रेडिएटरच्या जाळीत बसली असेल, ती आतून बाहेर धुवा. फॅनबेल्ट बघा. फॅनला व्हिस्कस क्लच (गरजेप्रमाणे फॅन धरणारा-सोडणारा) असेल तर सकाळी सुरू केल्यावर थोडा वेळ घोंघावून शांत व्हायला पाहिजे. दिवसभर विमानासारखा आवाज येत असेल तर तो जाम आहे अन् काही हॉर्सपॉवर फुकट खातोय, अजिबात धरत नसेल तर तुमचा हीटचा प्रश्न तिथंच आहे.

प्रश्न : समृद्धीवरून गाडी नेली तर अ‍ॅव्हरेज वाढते का? सिग्नल नाही, गाव नाही, 80 नी सरळ जाते. पण आमचं तं वाढलं नाही.
— हिंगणा

उत्तर : 80 नी गेलात म्हणून. समृद्धीवर जड गाड्यांना 80 ची मर्यादा आहे, पण मर्यादा म्हणजे टार्गेट नाही. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, 60 वरून 80 वर गेलात की हवा पावणेदोन पट जोरानं ढकलते. वर दिलेल्या हिशेबात 60 ला 80 हॉर्सपॉवर लागत होते, 80 ला ते 135 च्या आसपास जातात. म्हणजे 60 ला जी गाडी 3.7 देते ती 80 ला तीनवर येऊन बसते. ब्रेक आणि गियर वाचल्यामुळे जे मिळतं ते हवा खाऊन टाकते. 701 किलोमीटरचा रस्ता आहे, शिवमडक्यापासून डाव्या लेननं 60-65 नी चालवून बघा आणि मग मला आकडा कळवा. टायर मात्र निघायच्या आधी बघाच, सलग सिमेंट रोडवर कमी हवेचा टायर फार तापतो.

येताना खाली असाल तर हवेचा वाटा अजून मोठा, तेव्हा टायरपेक्षा हवाच जास्त खाते. फाळका बंद ठेवा, ताडपत्री घडी करून खाली बांधा, फडफडू देऊ नका, टपावर ठेवलेला संसार उतरवा.

प्रश्न : एवढं मोठं इंजिन काढून चार सिलिंडरचं छोटं टाकलं तर अ‍ॅव्हरेज वाढेल का? गाडी भंगारात द्यायची नाही.
— कोंढाळी

उत्तर : सपाटीवर किंचित वाढेल, चढावर रडाल. 25 टनाला 5 टक्क्यांचा चढ 30 नी चढायचा तर 180 हॉर्सपॉवर लागतात, हा ढोबळ हिशेब आहे. 120 चं इंजिन तीच गाडी 20 नी नेईल, पूर्ण दाबून, काळा धूर काढत, आणि डिझेल जवळजवळ तेवढंच घेईल कारण वजन तेवढंच उंच न्यायचंय. शिवाय क्लच, गिअरबॉक्स, माउंटिंग सगळं बदला, आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर इंजिन नंबर चढवा, इन्शुरन्सला कळवा. एवढ्या पैशात रेडियल टायर, ब्रेकचं पूर्ण काम, नवे होज आणि सहा इंजेक्टर होऊन वर उरतील. भाडं कायम हलकंच असेल, सात-आठ टनांचं, तर इंजिन बदलू नका, गाडीच बदला, सेकंडहँड सहा चाकी बघा. घेताना पंपाची सील शाबूत आहे का ते पहिले बघायचं.